बाई, हे ४९ रुपये कशाचे?



एरवी मी पाठ आणि उपक्रमांबद्दल लिहिते. आज मोबाइलच्या बिलाबद्दल लिहिणार आहे. विषय शाळेबाहेरचा वाटेल, पण हा धडा मला माझ्याच वर्गात, माझ्याच एका विद्यार्थ्याकडून मिळाला. म्हणून थोडं सविस्तर सांगते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. शनिवारी सकाळची शाळा असते आणि त्या दिवशी मी शक्यतो पुस्तक बाजूला ठेवते. असाच एक शनिवार होता. आदल्या दिवशी मुलांना सांगितलं होतं, "उद्या येताना घरातलं एखादं बिल किंवा पावती घेऊन या." मुलं काय काय घेऊन आली! कुणी विजेचं बिल, कुणी गॅस सिलिंडरची पावती, कुणी किराणा दुकानदाराने वहीच्या पानावर लिहून दिलेली यादी. एकाने खताच्या दुकानातलं बिल आणलं होतं, त्यावर मातीने माखलेला अंगठा उमटलेला. मग मी तरी मागे कशी राहणार? मी माझ्या मोबाइलचं पोस्टपेड बिल छापून नेलं होतं. नंबर आणि पत्ता पेनाने खोडला आणि बिल फळ्याशेजारी चिकटवलं.

बेरीज पडताळून पाहायची, एवढाच उद्देश होता. महिन्याचं भाडं, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण रक्कम. मुलं भराभर आकडे वाचत होती. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी गणिताच्या तासाला तोंड न उघडणारा.

"बाई, हे ४९ रुपये कशाचे?"

मी बघितलं. 'मूल्यवर्धित सेवा - ४९.००' अशी एक ओळ होती. मूल्यवर्धन म्हटलं की आपल्या शिक्षकांना शाळेतला उपक्रम आठवतो. इथे मूल्य वाढलं होतं ते फक्त बिलाचं. मला काही उत्तर देता येईना. "बघून सांगते," म्हणाले. शिक्षक 'बघून सांगते' म्हणतो तेव्हा आत काय झालेलं असतं, ते तुम्हाला सांगायला नको.

घरी आल्यावर ईमेल उघडला. बिलं दर महिन्याला येतच होती, पण पैसे बँक खात्यातून आपोआप कापले जायचे, त्यामुळे मी कधी बिल उघडलंच नव्हतं. एकेक महिना मागे जात राहिले. ४९, ४९, ४९. ती ओळ पहिल्यांदा दिसली तो महिना गाठेपर्यंत सत्तावीस बिलं झाली होती. सव्वादोन वर्षं! कसलासा मनोरंजनाचा पॅक होता. मी तो घेतला नव्हता, वापरला नव्हता, माझ्या फोनमध्ये तो कुठे आहे हेही मला माहीत नव्हतं.

सोमवारी वर्गात फळ्यावर हेच गणित घेतलं. ४९ गुणिले २७. एका मुलीने पन्नासने गुणून सत्तावीस वजा केले आणि पटकन सांगितलं, १३२३. त्यावर जीएसटी धरला तर महिन्याला ५७ रुपये ८२ पैसे आणि सत्तावीस महिन्यांचे १५६१ रुपये १४ पैसे. मुलांनी 'बाप रे' म्हटलं. मी गप्प.

"जाऊ द्या हो मॅडम"

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये विषय काढला. सगळ्यांची प्रतिक्रिया एकच. "जाऊ द्या हो मॅडम. ती सेवा बंद करून टाका आणि विसरा. पन्नास रुपयांसाठी कोण भांडत बसणार?" एक सर म्हणाले, "तुमच्या वेळेची किंमत त्यापेक्षा जास्त आहे."

हे बोलणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. ते सर हिशेबी आहेत आणि त्यांचा हिशेब बरोबर आहे. दीड हजारासाठी मी दोन महिने डोकं लावलं, तर तोटाच आहे. पण नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं, की ही ओळ माझ्या बिलात सव्वादोन वर्षं टिकली ती याच हिशेबावर. महिन्याला पाचशे रुपये कापले असते तर मी पहिल्याच महिन्यात आरडाओरडा केला असता. ४९ रुपये कापले म्हणून मला कळलंही नाही, आणि कळल्यावर सगळ्यांनी 'जाऊ द्या' म्हटलं. रक्कम लहान आहे म्हणून आपण सोडून देतो, आणि आपण सोडून देतो म्हणून ती लहान रक्कम वर्षानुवर्षं चालू राहते.

दुसरी गोष्ट जास्त बोचली. लोकमान्य टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण सगळेच दरवर्षी सांगतो. जयंतीला सांगतो, पुण्यतिथीला सांगतो, मुलांना भाषणं पाठ करायला लावतो. ज्या शेंगा आपण खाल्ल्या नाहीत त्यांची टरफलं आपण उचलायची नाहीत, हा त्या गोष्टीचा अर्थ. आणि मी, ती गोष्ट सांगणारी बाई, सत्तावीस महिने दुसऱ्याची टरफलं उचलत होते. वर कुणी विचारलं, तर 'जाऊ द्या'.

म्हणून ठरवलं, जाऊ द्यायचं नाही.

फोनवरची लढाई आणि कागदावरची लढाई

सुरुवात मी चुकीची केली. रागाच्या भरात कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडून एका मुलीचा आवाज. "मॅडम, सिस्टीममध्ये दिसतंय, ही सेवा तुमच्याच नंबरवरून सुरू झाली आहे." मी विचारलं, "कधी? कशी? मी नेमकं काय केलं?" "ते आम्हाला इथे दिसत नाही, मॅडम." मी आवाज चढवला. ती तरीही 'मॅडम, मॅडम' करत राहिली. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. उद्या आपल्याच शाळेतून शिकलेली एखादी मुलगी त्या खुर्चीत बसलेली असेल. बिलात ती ओळ तिने घातलेली नव्हती. तिच्यावर ओरडून मला काय मिळालं?

पुढचे पाच-सहा फोनही असेच गेले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. एकाने 'सदिच्छा म्हणून' दोन महिन्यांचे पैसे परत करतो असं सांगितलं. म्हणजे ११५ रुपये ६४ पैसे. मी विचारलं, "दोनच महिन्यांचे का? चूक असेल तर सत्तावीसही महिन्यांची आहे. चूक नसेल तर दोन महिन्यांचे तरी कशाला देता?" त्यावर उत्तर नव्हतं. खरं सांगते, क्षणभर ते घेऊन मोकळं व्हावंसं वाटलं होतं.

मग मी शिक्षकासारखा विचार करायला लागले. तोंडी उत्तराला मार्क नसतात. लिहून द्यावं लागतं.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर उपयोगी पडेल, म्हणून क्रमाने सांगते.

पहिलं काम म्हणजे गळती थांबवणं. अशा मूल्यवर्धित सेवा बंद करण्यासाठी सर्व कंपन्यांना लागू असलेला १५५२२३ हा क्रमांक आहे. त्यावर इंग्रजीत 'स्टॉप' असा मेसेज पाठवायचा. मेसेज मोफत असतो. सेवा बंद झाल्याचा मेसेज आला की तो पुसायचा नाही, जपून ठेवायचा.

दुसरं, पुरावा गोळा करणं. पोस्टपेड असेल तर जुनी बिलं ईमेलमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये मिळतात. ज्यांचा प्रीपेड नंबर आहे त्यांनाही मागच्या सहा महिन्यांच्या वापराचा तपशील मागता येतो, आणि त्यासाठी कंपनी ५० रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. प्रीपेडवाल्यांना कागद मिळतच नाही, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो खरा नाही.

तिसरं, रीतसर तक्रार. १९८ हा तक्रारीसाठीचा मोफत क्रमांक आहे. तक्रार नोंदवली की कंपनीने तक्रार क्रमांक द्यायलाच हवा. त्याला 'डॉकेट नंबर' म्हणतात. आपल्या हजेरीपटावर नाव नसलेला मुलगा जसा वर्गात असून नसल्यासारखा, तशी डॉकेट नंबर नसलेली तक्रार. माझे पहिले फोन वाया गेले त्याचं कारण हेच. मी बोलले भरपूर, पण नंबर मागितलाच नाही.

चौथं, अपील. तक्रारीला दिलेलं उत्तर पटलं नाही किंवा ठरलेल्या मुदतीत उत्तरच आलं नाही, तर त्यानंतर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. २०१२ सालच्या नियमांनी ही दोन पायऱ्यांची व्यवस्था घालून दिलेली आहे. अपिलाला फी नाही. ते ईमेलने किंवा पोस्टानेही करता येतं. निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो.

बरेच जण थेट 'ट्राय'कडे, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे तक्रार करायला निघतात. नियम 'ट्राय' बनवतं हे खरं, पण एकेका ग्राहकाचं भांडण ते सोडवत नाही. म्हणून वरच्या पायऱ्या चुकवू नका.

यानेही काम झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइनही करता येतो. फक्त तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. माझ्यासारखे सत्तावीस महिने झोपून राहू नका.

मोबाइल बिलाचं भांडण ग्राहक न्यायालयात चालतच नाही, असं तुम्हाला कुणी सांगेल. एके काळी तसं होतं. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली तसा निकाल दिला होता. पण अहमदाबादच्या एका ग्राहकाचं प्रकरण पुढे आलं. महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल येणाऱ्या या ग्राहकाला २०१३ साली एका महिन्याचं चोवीस हजारांहून अधिक बिल आलं. तो जिल्हा मंचात गेला. कंपनीने 'हा मंच हे प्रकरण ऐकूच शकत नाही' असा मुद्दा घेतला आणि वाद वरवर चढत दिल्लीला पोहोचला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोबाइल कंपनीविरुद्धची अशी तक्रार ग्राहक मंचात चालू शकते. त्या माणसालाही कुणीतरी 'जाऊ द्या हो' म्हटलंच असेल. त्याने जाऊ दिलं नाही, म्हणून आज आपल्यासाठी ते दार उघडं आहे.

संमती म्हणजे काय?

माझ्या अपिलात मी लांबलचक काही लिहिलं नाही. एक पान होतं. आपण मुलांना औपचारिक पत्र शिकवतो तसंच. कोणाला, कोणाकडून, विषय, मजकूर, सोबत जोडलेली कागदपत्रं. मजकुरात चार गोष्टी: कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत किती रक्कम घेतली, मी सेवा मागितली नव्हती, आधीच्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख, आणि मला नेमकं काय हवं आहे. शेवटी एक वाक्य घातलं: "ही सेवा सुरू करण्यासाठी मी संमती दिल्याची नोंद आपल्याकडे असल्यास तिची प्रत द्यावी, नसल्यास संपूर्ण रक्कम परत करावी."

या एका वाक्यानेच काम केलं असावं असं मला वाटतं. इतके दिवस मी 'मी सेवा घेतली नाही' हे सिद्ध करायला धडपडत होते. न केलेली गोष्ट कशी सिद्ध करणार? प्रश्न उलटा विचारायला हवा होता: मी 'हो' म्हटलं, हे तुम्ही दाखवा.

आणि हा हक्क माझ्या मनाचा नाही. २०१३ सालापासून नियम असा आहे, की मूल्यवर्धित सेवा सुरू करताना ग्राहकाची संमती दोनदा घ्यायची. पहिल्या 'हो'नंतर पुन्हा विचारायचं, आणि दुसरं 'हो' आलं तरच पैसे घ्यायचे. म्हणजे चुकून बटण दाबलं जातं, जाहिरातीवर बोट पडतं, कॉलर ट्यून ऐकताना हात लागतो, हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

अपिलाचं उत्तर मुदतीत आलं. पूर्ण १५६१ रुपये १४ पैसे पुढच्या बिलांमध्ये वळते केले. माझ्या संमतीची नोंद मात्र त्यांनी दाखवली नाही. सेवा सुरू कशी झाली, याचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही.

एक सावधगिरी सांगून ठेवते. हे सगळं चालू असताना मला एक फोन आला, "मॅडम, तुमच्या रिफंडसाठी ओटीपी सांगा." तो कंपनीचा नव्हता. पैसे परत मिळवायला ओटीपी कधीच द्यावा लागत नाही. तक्रार करणारा माणूस उतावीळ झालेला असतो, आणि चोर त्याच घाईची वाट बघत असतात. असं काही घडलंच, तर सायबर फसवणुकीसाठी १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा.

तो प्रश्न त्यानेच का विचारला?

आता मुख्य गोष्ट. खरं तर ही सांगायचीच होती म्हणून लिहायला बसले.

माझ्या बिलाची हकिगत वर्गात चालू असतानाच, एके दिवशी शाळा सुटताना त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाची आई आली. ऊसतोडीच्या हंगामातून नुकती परतलेली. हातात साधा टचचा फोन. म्हणाली, "बाई, हा घरी सांगत होता, तुमचे पैसे पण आपोआप कापले जात होते म्हणून. माझ्या फोनचं जरा बघता का?"

त्यांचा प्रीपेड नंबर. पॅक छोटा, म्हणून वरखर्चाला दहा-वीस रुपयांचा टॉप-अप टाकून ठेवायच्या. टॉप-अप टाकला की एक-दोन दिवसांत शिल्लक गायब. असं कित्येक महिने चाललेलं. फोनला हात लावणारा घरात दुसरा कोण? हा पोरगा. "गेम खेळून पैसे उडवतो," असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यावरून त्याला दोनदा मारही बसला होता. आई खाली बघत म्हणाली, "लई मारलंय हो मी याला."

मी मेसेज उघडून बघितले. जाहिरातींच्या ढिगात, इंग्रजीत, कॉलर ट्यूनचं नूतनीकरण झाल्याचे मेसेज होते. एकापाठोपाठ एक. घरात कुणाला इंग्रजी वाचता येत नाही. ज्या भाषेत पैसे कापल्याचं कळवलं होतं, ती भाषा त्या घराची नव्हती.

आणि आता माझं. हाच मुलगा गृहपाठ करून आला नाही की मी भर वर्गात म्हणायची, "आईचा मोबाइल कमी घे, गेम कमी खेळ." त्याच्या आईने एकदा मला सांगितलं होतं की तो मोबाइलवरचे पैसे संपवतो, आणि मी ते खरं धरलं होतं. त्याला कधी विचारलं नाही. त्यानेही मला कधी सांगितलं नाही. त्या शनिवारी फळ्याशेजारचं बिल बघून वर्गातल्या बाकीच्यांनी बेरीज केली. कापलेल्या पैशांवर बोट ठेवलं ते त्यानेच, कारण न घेतलेल्या पैशांचा आळ काय असतो ते त्यालाच ठाऊक होतं.

न खाल्लेल्या शेंगांची टरफलं माझ्या वर्गात रोज कुणीतरी उचलत होतं, आणि उचलायला लावणाऱ्यांत मीही होते.

कुणी म्हणेल, कदाचित त्यानेच खेळता खेळता एखादं बटण दाबलं असेल. असेलही. पण दहा वर्षांच्या मुलाने न वाचता दाबलेल्या बटणाला संमती म्हणत नाहीत. दोनदा विचारण्याचा नियम त्यासाठीच आहे.

आम्ही तिथेच १५५२२३ वर मेसेज पाठवला. १९८ वर फोन करून तक्रार नोंदवली, डॉकेट नंबर त्याने स्वतः वहीत लिहून घेतला. काही दिवसांनी तीस रुपये परत आले. मागचे बाकीचे मिळाले नाहीत. आईला हंगामानंतर कामं होती, पुढे अपील करायला त्यांना सवड नव्हती, आणि त्यासाठी मी त्यांना दोष देणार नाही. माझ्याकडे सत्तावीस बिलं, ईमेल, लिहायची सवय आणि महिन्याचा पगार होता. त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. 'जाऊ द्या' म्हणणं मला परवडत होतं. त्यांना ते परवडत नव्हतं, तरी म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहून त्याला म्हणाले, "मी तुला गेमवरून बोलत होते. न विचारता बोलले. माझं चुकलं." तो लाजून खाली बसला. आठवड्याने मात्र स्वतःहून टेबलापाशी आला आणि म्हणाला, "बाई, वीस रुपये टाकले होते. वीसच आहेत."

वर्गात आणि घरी

आपण मुलांना बेरीज, गुणाकार, शेकडेवारी शिकवतो. पत्रलेखनही शिकवतो, पण ते सहलीच्या परवानगीचं किंवा मामाला सुट्टीत येतो म्हणून कळवण्याचं. या दोन विषयांची गाठ एका खऱ्या कागदावर घालून द्यायला फार वेळ लागत नाही. मी आता वर्षातून तीन-चार शनिवार हेच करते. घरचं बिल आणायचं, नाव-नंबर झाकायचा, आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हे कशाचे? उत्तर सापडलं तर पुढची ओळ. नाही सापडलं तर घरी विचारायचं. घरीही नाही सापडलं, तर सगळ्यांनी मिळून फळ्यावर तक्रार अर्ज लिहायचा. मागच्या वेळी एका मुलीने आजोबांच्या फोनची अशीच एक ओळ शोधून काढली. एकदा मात्र 'चुकीचे' वाटलेले पैसे विजेच्या बिलातला स्थिर आकार निघाले. तेही चांगलंच झालं. प्रत्येक न कळलेली ओळ म्हणजे फसवणूक नसते, हेही मुलांना कळायला हवं. आधी विचारायचं, मग रागवायचं. हा क्रम मी स्वतः उशिरा शिकले.

२४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. १९८६ साली याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. आपण तो शाळेत परिपाठात दोन ओळी वाचून साजरा करतो. त्या दिवशी घोषवाक्यांऐवजी एक खरं बिल वाचून बघा.

पालकांना एक विनंती. आज रात्री घरातल्या सगळ्यांच्या फोनचे मागचे मेसेज एकदा चाळा, विशेषतः आजी-आजोबांच्या फोनचे. पैसे बँकेतून आपोआप जात असतील, तर महिन्यातून एकदा तरी बिल उघडा. आणि घरातले पैसे कमी पडले, शिल्लक संपली, तर घरातल्या सगळ्यात लहान माणसाकडे बोट दाखवण्याआधी तो कागद नीट वाचा.

माझे दीड हजार परत आले, आनंद झाला. पण त्या मुलाला बसलेला मार कुठल्या बिलात वळता करून मिळणार?

आपलीच,
एक प्राथमिक शिक्षिका